गॅप लपवू नका, दोन ओळींत सांगा

लॉच्या प्रवेशाचे दिवस आले की नांदेड-लातूरकडच्या मुलांचे मला फोन सुरू होतात. प्रश्न एकच : "सर, दोन वर्षांचा गॅप आहे, काय लिहू?"

आपल्याकडं हा गॅप कसा पडतो ते सगळ्यांना माहीत आहे. बारावी, नीट, रिपीट, परत रिपीट. कुणी मधेच बीएस्सीला नाव घातलं आणि सोडलं. आता लेकरू लॉकडं वळलं तर घरचे म्हणतात, "ते कुठं सांगू नको."

मला हा सल्लाच पटत नाही.

एमएच-सीईटी लॉच्या प्रवेशात तुमची कारणं कुणी वाचत बसत नाही. तिथं सीईटीचे मार्क बोलतात. गॅपसाठी शपथपत्र दिलं की झालं. पण सही करण्याआधी ते वाचा! तयार नमुन्यात बऱ्याचदा "या काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता" असं वाक्य असतं. तुम्ही बीएस्सीला नाव घातलं असेल, तर ते शपथेवरचं खोटं झालं. ही सवय पुढं सनदेपर्यंत गेली तर? वकील कायदा 1961, कलम 26 : महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून सनद घेतली असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडिया नाव काढून टाकू शकते. गॅपमुळं कुणाची सनद जात नाही, खोट्यामुळं जाते.

कारण खरंच वाचलं जातं ते परदेशातल्या एलएलएमच्या अर्जात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या आशेवर आपली पोरं असे अर्ज करतात. तिथं काहीजण एटीकेटीबद्दल अवाक्षर काढत नाहीत, तर काहीजण दोन पानं दुष्काळ आणि कर्ज लिहितात. सगळं खरं असतं हो, पण वाचणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात : काय झालं, कधी झालं, नंतर काय बदललं.

असं लिहा : "वडिलांच्या ऑपरेशनमुळे तिसऱ्या सत्रात दीड महिना कॉलेज बुडालं, दोन विषय राहिले. पुढच्या परीक्षेत दोन्ही निघाले. त्यानंतर एकही विषय राहिला नाही." बस्स. सोबत मार्कमेमो जोडा.

बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण 1917 ला अर्धवट राहिलं, कारण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, 1920 ला परत गेले आणि बॅरिस्टर झाले. हा पण गॅपच होता की!

नांदेड आणि लातूरच्या लॉ कॉलेजांना एक विनंती. प्रवेशाच्या काळात एक प्राध्यापक दोन तास फक्त अर्ज बघायला बसवा. पोरांना शिफारस नको आहे, खरं कसं मांडायचं एवढं कुणीतरी सांगायला हवं आहे.

ओळखीत असं लेकरू असेल तर त्याला हे नक्की पाठवा.