फ्रेंचच्या पहिल्या वर्गाचे नियम

महाविद्यालयीन प्रवेशांची धांदल सुरू झाली की दुसरी भाषा कोणती घ्यावी हा प्रश्न घरोघर उपस्थित होतो, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून त्याचे उत्तर पुष्कळदा ‘फ्रेंच’ असे येते. हे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यास त्या भाषेविषयी, ती बोलणाऱ्या लोकांविषयी अथवा तिच्यातील वाङ्मयाविषयी काही जिज्ञासा असतेच असे नाही; फ्रेंच हा ‘स्कोअरिंग’ विषय आहे, मराठीच्या मानाने थोड्या श्रमात अधिक गुण पदरात पडतात, ही वार्ता त्याला आदल्या वर्षीच्या मुलांकडून मिळालेली असते आणि तिच्यावर विसंबून आईवडीलही संमती देतात. या वर्तनाबद्दल विद्यार्थ्यास बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करून, क्रियापदांची रूपे गाळलेल्या जागी भरून आणि दोन-तीन पाठ केलेली पत्रे उतरवून ज्या परीक्षेत भरघोस गुण मिळतात, त्या परीक्षेस अनुसरून त्याने आपला अभ्यास आखला, एवढेच त्याने केलेले असते. खोट आहे ती नियमांत. आणि म्हणूनच पहिल्या वर्षाच्या फ्रेंच वर्गात विद्यार्थ्याकडून काय अपेक्षावे व त्याच्या मोबदल्यात महाविद्यालयाने काय द्यावे, हा प्रश्न प्राध्यापकांच्या खोलीत मिटवून टाकण्याजोगा नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, परकी भाषा पहिल्या वर्षी कानाने आणि मुखाने शिकावयाची असते, आणि वर्गाचा एकूण एक नियम या हेतूच्या कसोटीवर घासून घेतला पाहिजे. या कसोटीला उतरणारा नियम कितीही कडक असला तरी तो जाचक होत नाही. न उतरणारा कितीही सौम्य असला तरी निरर्थक होय.

प्रथम हजेरीचीच बाब घ्या. विद्यापीठांच्या नियमांप्रमाणे ७५ टक्के उपस्थिती आवश्यक मानली जाते, आणि तिची अंमलबजावणी किती शिथिल असते हे सर्वांना ठाऊक आहे. अर्थशास्त्राचे व्याख्यान चुकले तर ग्रंथालयाच्या व मित्राच्या वहीच्या आधारे ते बऱ्याच अंशी भरून काढता येते. परंतु फ्रेंचच्या तासाला जे ऐकले गेले आणि जे बोलले गेले ते कोणाच्याही वहीत उतरत नाही. संख्यांचा साधा पाठच पाहा. फ्रान्समध्ये दूरध्वनीचा क्रमांक दहा अंकी असून तो दोन-दोन अंकांच्या पाच जोड्यांनी सांगण्याची रीत आहे. अध्यापक असे क्रमांक वाचून दाखवितात आणि विद्यार्थी ते टिपून घेतात. ‘स्वासांत’ हा उच्चार कानी पडताच नवशिक्या विद्यार्थ्याची लेखणी ६ लिहून बसते. लागलीच ‘कँझ’ येते आणि तो ६ खोडून तेथे ७५ करावे लागतात, कारण फ्रेंचमध्ये पंच्याहत्तर म्हणजे साठ आणि पंधरा. ऐंशी म्हणजे तर चार विसा, आणि नव्वद म्हणजे चार विसांवर दहा. ही खोडाखोड होईपर्यंत पुढची जोडी निघून गेलेली असते. शंभरापर्यंतचा तक्ता ज्याला घडाघडा म्हणता येतो तोदेखील या ठिकाणी अडखळतो, आणि पंधरा-वीस तासांच्या सरावानंतर एके दिवशी त्याचा कान आपोआप थांबून दुसऱ्या शब्दाची वाट पाहू लागतो. हे थांबणे पुस्तकातून येत नाही. म्हणून या एका विषयात हजेरीचा नियम अक्षरशः पाळला जावा, उशिरा येणाऱ्यास सवलत नसावी आणि वैद्यकीय दाखल्याने गैरहजेरी माफ झाली तरी बुडालेला सराव अन्य वेळी करून देण्याची सक्ती असावी, असे मला वाटते.

लेखनाच्या बाबतीतही तेच. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’ आणि ‘ते बोलतात’ या तिन्ही ठिकाणी फ्रेंच क्रियापद कागदावर तीन प्रकारांनी लिहिले जाते आणि उच्चारताना मात्र ‘पार्ल’ असे एकच ऐकू येते. यास्तव आठवड्यातून एकदा तरी श्रुतलेखन हवे; फ्रान्सच्या शाळांतून तर ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

वर्गात कोणती भाषा बोलावी, या प्रश्नाचा निर्णय आमच्याकडे फारसा विचार न करता इंग्रजीच्या बाजूने होऊन जातो. पाठ्यपुस्तकातील टिपा इंग्रजीत, अध्यापकांचे विवरण इंग्रजीत आणि परीक्षेतील भाषांतरही इंग्रजीत, अशा व्यवस्थेत मराठी विद्यार्थी फ्रेंचकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहू लागतो, आणि जी गोष्ट त्याला घरबसल्या ठाऊक आहे तीच त्याला अवघड होऊन बसते. फ्रेंचमधील त आणि द हे आपल्या त-द प्रमाणेच दंत्य आहेत. तथापि इंग्रजीच्या सवयीने तो ट आणि ड म्हणतो आणि मग ते उच्चार सुधारण्यात एक सत्र खर्ची पडते. निर्जीव वस्तूंना लिंग असावे याचे इंग्रजीत विचार करणाऱ्यास नवल वाटते, पण जो जन्मापासून भिंतीला ‘ती’ आणि दरवाजाला ‘तो’ म्हणत आला, चांगला आणि चांगली यांतील भेद ज्याला कोणी शिकवावा लागला नाही, त्याला विशेषण नामाप्रमाणे बदलते हे एका वाक्यात सांगून पुरते. मित्राला एकेरी आणि गुरुजनांना आदरार्थी संबोधावे, हेही त्याला नव्याने शिकावयाचे नाही. गोव्याकडील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी कोकणी बोलली जाते त्यांच्या कानांना अनुनासिक स्वरांची ओळख असते, आणि फ्रेंच उच्चारातील नवशिक्यांची मोठी अडचण त्यांच्या पुरती निम्मी होते. म्हणून वर्गाचा व्यवहार शक्य तितका फ्रेंचमध्येच चालावा, आणि जेथे विवरणावाचून गत्यंतर नाही तेथे विद्यार्थ्यांच्या मातृभाषेला मुभा असावी, असा नियम करणे श्रेयस्कर ठरेल.

पुष्कळ विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील शब्दांच्या वर शिसपेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात आणि काही अध्यापक त्याबद्दल त्यांना दटावतात. पहिल्या पंधरवड्यात ही मुभा द्यावी असे मी म्हणेन, कारण आपली लिपी उच्चाराशी इंग्रजीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. पण ओठ ‘ऊ’साठी गोल करून ‘ई’ म्हणावा तसा जो एक स्वर फ्रेंचमध्ये पदोपदी येतो, त्याला देवनागरीत अक्षर नाही, आणि घशातून घासत येणाऱ्या फ्रेंच र-कारालाही नाही. पंधरवड्यानंतर ती पेन्सिलीची अक्षरे खोडून टाकावीत.

आता एका गैरव्यवस्थेकडे लक्ष वेधणे प्राप्त आहे. इंग्रजी माध्यमाच्या कित्येक शाळांतून मुले सहावी-सातवीपासून फ्रेंच शिकतात आणि महाविद्यालयात येऊन पुन्हा ‘प्रारंभिक’ वर्गातच नाव घालतात, कारण तेथे गुण निश्चित असतात. कुडाळहून अथवा बार्शीहून आलेली, या भाषेचा एक शब्दही जिच्या कधी कानी पडलेला नाही अशी मुलगी पहिल्याच तासाला त्यांच्या शेजारी बसते, त्यांची सफाईदार उत्तरे ऐकते आणि आपल्याला हा विषय झेपणारा नाही असे मानून पुढे गप्प राहते. प्रारंभिक वर्गात गप्प राहिलेला विद्यार्थी वर्षभर गप्पच राहतो. प्रवेशाच्या वेळी दहा मिनिटांची चाचणी घेऊन ज्यांना भाषा येते त्यांना वरच्या वर्गात पाठवावे. वरचा वर्ग काढणे शक्य नसेल तर त्यांना निराळे वाचन नेमून द्यावे. या नियमाने काही पालक रुष्ट होतील. त्यांची समजूत घालणे प्राचार्यांचे काम आहे, आणि ते टाळता कामा नये.

गृहपाठाची रीतही बदलावी लागेल. भाषांतर करून देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि दुसऱ्या महिन्यातील विद्यार्थ्याच्या निबंधात वर्षअखेरीसही न शिकविलेली क्रियापदांची रूपे दिसू लागली की तो निबंध कोणी लिहिला हे अध्यापकांस ताबडतोब कळते. अशा वेळी चौकशी, इशारे आणि गुणकपात यांचा खटाटोप करण्यापेक्षा घरी लिहिलेल्या मजकुराला गुण देणेच बंद करावे. निबंध वर्गात, हाताने, कोशाच्या साहाय्याने लिहावा. आणि घरी ध्वनिमुद्रित संवाद ऐकून तो दुसऱ्या दिवशी आपल्या शब्दांत सांगावा. सांगताना चुका होतील. त्या चुकांसाठी पहिल्या सत्रात एकही गुण कापला जाणार नाही असे अभिवचन अध्यापकांनी पहिल्याच दिवशी द्यावे, कारण परीक्षेच्या धाकात वाढलेल्या आमच्या मुलांना चूक करण्यापेक्षा मौन सुरक्षित वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारागृहात जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास केला तो पुस्तकांवरून. मग ग्रंथ वाचण्यापुरती भाषा ज्याला हवी त्याला बोलण्याची सक्ती का? आक्षेप रास्त आहे, आणि वाचनाचे महत्त्व मराठी माणसाने तरी कमी लेखू नये. मराठी भाषेच्या घडणीचा शास्त्रीय इतिहास ज्यूल ब्लॉक या पंडिताने फ्रेंचमध्ये लिहिला व तो १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मूळ फ्रेंचवरून त्याचा अनुवाद केला तेव्हाच, म्हणजे १९४१ साली, तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठी वाचकाच्या हाती आला. उलट देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या एका प्रहसनाशी नाते सांगते खरे, पण ते मर्फी नावाच्या नाटककाराच्या इंग्रजी नाटकाच्या मध्यस्थीने. आमच्याकडे आलेले फ्रेंच वाङ्मय बहुतेक असेच इंग्रजीच्या हातून आलेले आहे. मूळ फ्रेंच वाचू शकणारे चार-सहा अनुवादक जरी एका पिढीत निघाले तरी मराठीचे केवढे हित होईल! तथापि टिळकांपाशी असलेली विद्वत्ता, एकांत आणि निश्चय ही सतरा-अठरा वर्षांच्या मुलापाशी असावीत अशी अपेक्षा धरून अभ्यासक्रम आखता येत नाही. वाचनाची गोडी त्याला लागते ती भाषा त्याच्या जिभेवर थोडीशी रुळल्यानंतर. केवळ वाचनासाठी भाषा शिकू इच्छिणाऱ्या संशोधकांचा वर्ग वेगळा असावा आणि त्याचे नियमही वेगळे असावेत.

विद्यार्थ्यावर इतकी बंधने घालणाऱ्याने आपल्या बाजूचे देणे विसरून चालणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार भाषेचे जे छोटे अभ्यासक्रम सुरू झाले आहेत त्यांत एका श्रेयांकाला १५ तास या हिशेबाने दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम ३० तासांत आटोपतो. आणि युरोपातील मोजपट्टीप्रमाणे ज्याला ‘ए १’ म्हणतात त्या अगदी पहिल्या पायरीसाठीदेखील शंभराच्या मागेपुढे तास लागतात. तीस तासांत फ्रेंच येते असे माहितीपत्रकात सूचित करणे ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे. शिवाय १२० जणांच्या तुकडीत प्रत्येकाची सात मिनिटे तोंडी परीक्षा घ्यावयाची म्हटली तरी १४ तास लागतात, आणि ते काम तासिका तत्त्वावर नेमलेल्या, तासामागे मिळणाऱ्या मानधनावर दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या अध्यापकाने विनामोबदला करावे अशी अपेक्षा केली जाते. तो ते करीत नाही. लेखी उत्तरपत्रिकेवरून अदमासाने तोंडी गुण देतो आणि सर्वांचे समाधान होते. तुकडी तिसांची करावी, तोंडी परीक्षेचे तास कामाच्या तासांत धरावेत आणि त्यांचे वेतन द्यावे. एवढे करण्याची तयारी नसलेल्या संस्थेने हा विषय शिकवू नये, हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

फ्रान्सच्या शिक्षण खात्यातर्फे घेतल्या जाणाऱ्या ‘डेल्फ’ परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० गुण लागतात आणि चारांपैकी कोणत्याही एका विभागात पाचांहून कमी गुण पडले तर उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. म्हणजे केवळ लिहिता-वाचता येणाऱ्यास तेथे वाव नाही. आमच्या विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे की, पुढील वर्षाचा मसुदा तयार करताना पहिल्या वर्षाच्या फ्रेंचमध्ये निम्मे गुण श्रवण आणि संभाषण यांसाठी राखून ठेवावेत, इंग्रजी भाषांतराचा प्रश्न काढून टाकावा, आणि हे नियम प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या हाती मराठीतून पडतील अशी तजवीज करावी.