जेवायला खाली उतरा

चालत पाच-सात मिनिटांवर जे मिळतं ते ॲपवरून मागवायचं नाही, एवढा एकच नियम सिंगापूरच्या आपल्या तरुण मंडळींनी पाळावा असं मला मनापासून वाटतं. ॲपच काढून टाका असं मी म्हणत नाही. अंगात ताप आहे, रात्रीचा कॉल लांबलाय, घरात तान्हं बाळ आहे, अशा वेळी दाराशी आलेलं गरम जेवण हा मोठा आधार असतो. ७ एप्रिल २०२० पासून दोन महिन्यांहून अधिक काळ इथे बाहेर बसून खायला बंदी होती, तेव्हा कितीतरी स्टॉल या ॲपांमुळे तगले. मुंबईचे डबेवाले तर १८९० पासून हेच करत आले आहेत : ज्याला जेवणापर्यंत जाता येत नाही, त्याच्यापर्यंत ते पोचवायचं. माझी तक्रार आहे ती जाता येत असताना न जाण्याबद्दल.

आपली बरीच मुलं पुंगोल, सेंगकांग, जुरॉंग अशा भागांत तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेऊन राहतात. संध्याकाळी प्रत्येकजण आपापल्या खोलीतून आपापली ऑर्डर देतो. आठ ते नऊच्या दरम्यान एकाच दाराशी तीन वेगवेगळे रायडर येऊन जातात, पिशव्या लोखंडी दाराला लटकतात, आणि जो तो आपली पिशवी उचलून पुन्हा खोलीत शिरतो. एका छपराखाली राहून आठवडा-आठवडा ही मुलं एका टेबलावर जेवत नाहीत.

बरं, जे खातात ते तरी धड असतं का? प्राटा तव्यावरून उतरला की पहिली पाच मिनिटंच त्याची. पापुद्रे सुटे, कडा कुरकुरीत. तोच प्लास्टिकच्या डब्यात घातला की झाकणाला वाफ धरते, तिचं पाणी खाली ठिबकतं, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि दारी पोचेपर्यंत त्याची चिवट चपाती झालेली असते. थोसाईचं तेच, सुक्या नूडल्सचंही तेच. आणि पैसे? खाली पाच डॉलरला मिळणारी प्लेट ॲपवर बहुतेक वेळा मुळातच महाग लावलेली असते. त्यावर डिलिव्हरीचे, प्लॅटफॉर्म शुल्काचे, ऑर्डर लहान असेल तर त्याचे वेगळे. बघता बघता बिल दुप्पट होतं.

मुलं म्हणतात, दमून आल्यावर एकट्याने जाऊन बसायला नको वाटतं. हे मला पटतं, आणि उडवून लावण्यासारखं ते मुळीच नाही. नव्या देशात एकटं जेवणं जड जातं. पण एकट्या माणसाला सहज सामावून घेणारी हॉकर सेंटरसारखी जागा दुसरी नाही. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची, रांगेत उभं राहायचं, समोर बसलेल्या अनोळखी काकांना मान हलवून ओळख द्यायची आणि खायचं. तिथे कितीतरी माणसं एकटीच आलेली असतात. चार दिवस सलग गेलात की पाचव्या दिवशी कॉफीवाली आंटी तुम्हाला बघूनच 'कोपी-ओ कोसोंग', म्हणजे बिनसाखरेची काळी कॉफी, ओतायला घेते. परक्या शहरात आपल्याला कुणीतरी ओळखतं, ही गोष्ट लहान नाही.

ही सेंटरं आपोआप उभी राहिलेली नाहीत. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना सरकारने १९७१ ते १९८६ या काळात छपराखाली आणलं, नळ दिले, गटारं दिली. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. पण स्टॉल चालवणारे बरेचजण आता साठीच्या घरातले आहेत. कित्येकजण एकट्याने किंवा नवरा-बायको मिळून स्टॉल चालवतात. हात कढईत असताना टॅब्लेटवर वाजणारी ऑर्डर घ्यायची कोणी? शिवाय ॲपचं कमिशन तीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. पाच डॉलरच्या प्लेटीतून ते द्यायचं म्हणजे उरणार काय? म्हणून हे लोक बऱ्याचदा ॲपवर नसतातच. आणि जी पिढी फक्त ॲपवर जेवण शोधते, तिच्या लेखी ते अस्तित्वातच नसतात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

रायडरच्या पोटावर पाय येईल त्याचं काय, असंही कोणी विचारेल. त्यांचं काम कष्टाचं आहे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांना अपघाताची भरपाई आणि तरुण रायडरना सीपीएफचं, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचं, संरक्षण मिळालं, हे फार चांगलं झालं. गरजेच्या ऑर्डरी राहणारच आहेत. त्या देताना पत्ता नीट लिहा, खालच्या मजल्यावर थांबवून ठेवू नका, पावसात टिप द्या.

आपल्यातल्या शाकाहारी मुलांची अडचण खरी आहे. पण ॲपवर 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्या भाजीतला सांबल कशाचा आहे, हे ॲप सांगत नाही. समोर उभं राहून विचारलं तर आंटी स्पष्ट सांगते, "यात बेलाचान (कोळंबीची आंबवलेली चटणी) आहे, नको घेऊस," आणि शाकाहारी स्टॉल कुठला तेही दाखवते. शिवाय हॉकर सेंटरमध्ये प्रत्येकाचा स्टॉल वेगळा आणि टेबल एक. बिर्याणी खाणारा आणि थोसाई खाणारी शेजारी बसतात, कुणालाच मन मारावं लागत नाही.

म्हणून आपल्या इथल्या मराठी मंडळाकडे माझं एक मागणं आहे. ऑगस्टमध्ये इथल्या विद्यापीठांत नवी मुलं येतात. त्यांना आपण स्वागताच्या कार्यक्रमाला बोलावतो, डबाबंद जेवण देतो आणि पाठवून देतो. त्याऐवजी जुन्या सभासदांनी दोघा-दोघांना धरून एका संध्याकाळी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरच्या हॉकर सेंटरला न्यावं. रांग कशी लावायची, मासे-चरबी-अंडं आहे का हे कसं विचारायचं, खाऊन झाल्यावर ट्रे कुठे ठेवायचा, कॉफी साखरेशिवाय कशी मागायची, सगळं शिकवावं. गणेशोत्सवाच्या तालमींनाही बाहेरून खोकी मागवण्यापेक्षा तालीम अर्धा तास आधी संपवून सगळ्यांनी जवळच्या सेंटरला जावं. या वर्षीच्या तालमींपासून हे सुरू करता येईल, आणि पहिल्या दोन संध्याकाळी मुलांना घेऊन जायला मी तयार आहे.