यादी कोणाची ठेवायची?

पाचवी-आठवीत नापास करण्याची सोय परत आली आणि 'आता शाळा ताळ्यावर येतील' म्हणून अनेकांना हायसं वाटलं. 2019 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 बदललं. महाराष्ट्राने 2023 मध्ये आणि केंद्राने आपल्या शाळांसाठी डिसेंबर 2024 मध्ये नियम काढले. केंद्राच्या नियमात नापास मुलाला दोन महिन्यांत फेरपरीक्षा आहे. तीतही नापास झालं तर पुन्हा तोच वर्ग. अशा मुलांची यादी मुख्याध्यापकांनी ठेवायची.

पोरं ढकलपास झाली, हा आक्षेप खोटा नाही. आठवीतलं मूल जोडाक्षराला अडतं तेव्हा आईबापांचा संताप रास्तच. पण मूळ कायद्याने मूल्यमापन कुठे बंद केलं होतं? कलम 29 तर ते वर्षभर करायला सांगतं. आपण नोंदवह्या रंगवल्या आणि खापर कायद्यावर फोडलं.

निकालाचा धाक असला की गुरुजी शिकवतात, म्हणे. अमेरिकेने 2002 पासून शाळांचं नशीब चाचणीच्या गुणांना बांधून पाहिलं. अटलांटात 2011 च्या चौकशीत 44 शाळांमधली फेरफार उघडी पडली, 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. मुलांची चुकलेली उत्तरं मोठी माणसं खोडत बसली होती!

आता आपली द्विशिक्षकी शाळा घ्या. चार वर्ग, दोन गुरुजी. एक मतदारयादीच्या कामावर. कलम 27 निवडणुकीच्या कामाला मुभा देतंच. दुसऱ्यांच्या मोबाइलवर 'माहिती दुपारपर्यंत पाठवा', आणि तेवढ्यात खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा. पहिलीतलं पोर तोवर पाटीवर रेघोट्या ओढतं. ते पाचवीत नापास होणार. शिक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवणाऱ्याला मात्र फेरपरीक्षाही नाही.

नवा कायदा नकोच. कलम 21 ची शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा तिनेच करायचा. त्यातल्या प्रत्येक मागणीला जिल्हा परिषदेने महिनाभरात लेखी उत्तर द्यावं आणि ते ग्रामसभेत वाचलं जावं. तिसरीच्या वाचनाची चाचणीही जरूर घ्या, पण निकाल पाहून आधी शिक्षक कुठे द्यायचा ते ठरवा. शाळेच्या दर्शनी फळ्यावर तीन आकडे असू द्या: मंजूर पदं, भरलेली पदं, आणि गुरुजी वर्गाबाहेर राहिलेले दिवस.

समितीची वही अनेकदा सहीपुरतीच घरी येते. यंदा आली तर सही करण्याआधी हे तीन आकडे विचारा.