ग्रंथाचे मोल दहा गुण?

फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पांत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या आठवणी सांगणारे आता थोडेच उरले आहेत. एखाद्या प्राध्यापकाने सिंधी शिकून, घरोघर बसून त्या टिपल्या, कागदपत्रांशी ताडून पाहिल्या आणि मराठीत ग्रंथ लिहिला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार राष्ट्रीय प्रकाशकाच्या त्या ग्रंथाला बढतीसाठी गुण १०. मानव्यविद्येतल्या एका शोधनिबंधालाही १०च! अनुवादित पुस्तकाला तर ८. मग आयुष्याची वर्षे ग्रंथासाठी कोण देणार? अंबरनाथच्या शिवमंदिराचा शके ९८२ चा शिलालेख अभ्यासायला लिपी, संस्कृत आणि शिलाहारांचा इतिहास अंगी मुरावा लागतो. बढतीच्या वेळापत्रकात ते बसत नाही.

आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यताप्राप्त शोधनियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद करून त्यांची पारख शिक्षणसंस्थांवर सोपवली. मुंबई विद्यापीठाने ही संधी ग्रंथांसाठीही घ्यावी. बढतीच्या वेळी विषयाच्या जाणकारांनी ग्रंथ प्रत्यक्ष वाचून लेखी अभिप्राय द्यावा, तोच निर्णायक मानावा. मौखिक इतिहासाच्या संग्रहाला आणि अनुवादाला संशोधनाचा पूर्ण दर्जा मिळावा. फाळणी पाहिलेली पिढी नव्वदीच्या घरात आहे. हा निर्णय येत्या शैक्षणिक वर्षातच झाला पाहिजे.