घर रिकामे करण्यापूर्वी : रद्दी, मोड आणि इतिहासाची साधने

थ्रेड 🧵

१/ ऐतिहासिक कागदपत्रे लढाईत जळाली, पुरात वाहून गेली, परक्यांनी नेली, अशा कथा आपण आवडीने सांगतो. घरांतील कागद मात्र पुष्कळदा अगदी शांततेच्या काळात नाहीसे होतात. आईवडील निवर्ततात, भावंडे आठवडाभराची रजा काढून जमतात, घर रिकामे होते आणि रद्दीवाला काटा लावतो. हा धागा त्या एका आठवड्याविषयी आहे.

२/ माझे म्हणणे आरंभीच सांगतो. घर आवरणारी प्रत्येक व्यक्ती त्या आठवड्यापुरती अभिलेखपाल असते. काय ठेवावे, काय द्यावे, काय नष्ट करावे, हे निर्णय पुराभिलेखागारात प्रशिक्षित माणसे घेतात. घरात तेच निर्णय दमलेली, शोकात असलेली माणसे घेतात. म्हणून ‘सगळे जपा’ हा उपदेश निरुपयोगी आहे. निर्णयांचा क्रम बदलला तरी पुष्कळ काही वाचते.

३/ आपल्याकडे इतिहाससंशोधनाची सुरुवातच मुळी लोकांच्या घरांतून झाली. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत, म्हणजे पानिपतापर्यंतची. ही पत्रे वाईतील एका घरात सापडली होती. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही अशा घरोघरच्या दप्तरांना एक छप्पर मिळावे म्हणूनच.

४/ मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या कागदांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. या कागदांचे रक्षण कोणी केले? बहुतेकदा अशा वारसांनी, ज्यांना मोडी नीट वाचताही येत नव्हती. कागद रुमालात बांधलेले होते आणि कोणी ते सोडले नाहीत, एवढेच. दुर्लक्षानेही कधी कधी कागद जगतात. घर विकायला निघाल्यावर मात्र दुर्लक्षाची ती सोय उरत नाही.

५/ पेशवे दप्तराची गोष्ट याहून वेगळी. इंग्रजांनी १८१८ नंतर ते जतन केले, ते इतिहासप्रेमापोटी नव्हे. इनाम कोणाचे, वतन कोणाचे, सारा किती, हे ठरवण्यासाठी त्यांना ते लागत होते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले गेले, तेव्हा हक्काचा पुरावा इतिहासाचे साधन झाला.

६/ अमेरिकन अभिलेखतज्ज्ञ थिओडोर शेलेनबर्ग यांनी १९५६ साली हाच फरक शास्त्रशुद्ध मांडला. प्रत्येक कागदाला दोन मूल्ये असतात. पहिले मूल्य तो ज्याने तयार केला त्याच्यासाठी. ते काम झाले की संपते. दुसरे मूल्य इतरांसाठी. ते बहुधा पहिले संपल्यानंतरच दिसू लागते. घर आवरणारा माणूस नेमका या दोहोंच्या मधल्या क्षणी उभा असतो.

७/ आता यवतमाळ. हा जिल्हा या कामात मागे नव्हता. डॉ. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळच्या शारदाश्रमातून महानुभाव पंथाच्या हस्तलिखितांचा अभ्यास केला. त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ चे. पुण्यामुंबईपासून दूर राहूनही संग्रह उभा करता येतो, याचे आमच्याकडचे हे उदाहरण.

८/ परंतु राजवाडे, खरे, देशपांडे यांनी शोधलेली घरे सरदारांची, वतनदारांची, मठांची होती. माझा प्रश्न साध्या शेतकऱ्याच्या घराविषयी आहे. यंदाच्या उन्हाळ्यात मारेगावचे आमच्या आजीआजोबांचे घर रिकामे झाले. बाबा, काका, आत्या आणि मी. सपरी, मधली खोली, माळा, धान्याची ढोली, दोन पत्र्याच्या पेट्या. त्यांत एकही सनद नव्हती.

९/ एका पेटीत मात्र एका घराने न हलता चार राज्ये पाहिल्याचा पुरावा होता. सर्वांत जुन्या कागदावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. २६ जानेवारी १९५० नंतरच्या कागदांवर ‘मध्य प्रदेश’, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. आणखी मागे गेलात तर १९०५ पूर्वी या जिल्ह्याचे नावच वणी होते. राज्यपुनर्रचना पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकते. इथे ती शेतसाऱ्याच्या पावत्यांवर दिसते.

१०/ दुसऱ्या पेटीत कापसाच्या काटापट्ट्या, तारेत ओवलेल्या. महाराष्ट्रात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघालाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. योजनेचे सरकारी अहवाल ग्रंथालयात मिळतात. पण एका घराचा कापूस कोणत्या वर्षी किती, प्रत कोणती लागली, पैसे किती हप्त्यांत आले, हे त्या तारेवरच कळते. बाबा म्हणाले, “हे कायले ठेवाचं?” प्रश्न रास्त होता. त्यांच्या दृष्टीने ते पैसे कधीच खर्च होऊन गेले होते.

११/ विदर्भातील शेतीसंकटावर गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनात आकडे जिल्ह्याचे असतात, तालुक्याचे असतात. एका घराचे तीस वर्षांचे सलग आकडे फार दुर्मीळ. ज्या शेतकऱ्याच्या नावाने आपण चर्चा करतो, त्याच्या स्वतःच्या हिशेबाला आपण रद्दीच्या भावाने तोलतो.

१२/ जुना कागद केवळ अभ्यासकाच्या कामाचा नसतो. महाराष्ट्रात जातपडताळणीसाठी ठरावीक तारखांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल, जुने खरेदीखत, यांवर नातवंडांचे शिक्षण अवलंबून असू शकते. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, हे आपण पाहिलेच.

१३/ आणि ज्यांच्या घरी कागदच नाहीत त्यांचे काय? मारेगाव परिसरात कोलाम, गोंड, परधान वस्ती मोठी आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे २००८ चे नियम या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. त्यांत सरकारी कागदांच्या बरोबरीने घर, झोपडी, बांध, विहीर, दफनभूमी, पवित्र स्थाने आणि वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन, हेही पुरावे मानले आहेत. म्हणजे वस्तू आणि आठवण हेही साधन आहे, हे कायद्याने मान्य केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी ते विसरू नये.

१४/ आता भांड्यांकडे वळू. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर आजीचे नाव आजोबांच्या मृत्यूनंतर चढले. त्याआधीचे तिचे लेखी अस्तित्व शोधायचे तर पितळी गुंड, परात, गडवा आणि स्टीलचे डबे पाहावे लागतात. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख घालण्याची आपली रीत आहे. माहेरची माणसे, मैत्रिणी, मुलींची लग्ने, नातवाचे बारसे, सगळे तिथे कोरलेले आहे. जमिनीच्या नोंदींत न सापडणाऱ्या बायका भांड्यांवर सापडतात.

१५/ हेच भांडे ‘मोड’ म्हणून दिले की दुकानदार वजन पाहतो, नाव पाहत नाही. डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातील उपकरणे अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. परंतु संग्रहालयाला सुंदर नमुना हवा असतो. तुमच्या आजीचा डबा सुंदर नाही; त्याचे मोल त्यावरील अक्षरांत आहे. मग भांडे द्या, पण आधी अक्षरांचे छायाचित्र घ्या.

१६/ आक्षेप पहिला : जागा कुठे आहे? खरेच नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत ढोली, तिफण आणि बंडीची चाके येत नाहीत. त्यांचा मोह सोडावा. आम्ही ढोली आणि तिफण शेजाऱ्यांना दिली. जी वस्तू कोणी वापरील ती त्याच्याकडेच बरी. कागदाला मात्र जागा फार लागत नाही. दोन पेट्यांतील निवडलेले कागद एका खोक्यात बसले.

१७/ आक्षेप दुसरा अधिक गंभीर आहे : खासगीपणाचा. आजीने तिच्या आईला लिहिलेली आणि आईची तिला आलेली पत्रे आत्याने बाजूला काढली. “माह्या मायचे पत्र हायेत ते. कोनं वाचाचे नाही.” मी इतिहास शिकतो म्हणून मला त्या पत्रांवर हक्क मिळत नाही. मृत व्यक्तीच्या मनातले सगळे पुढच्या पिढीचे असते, असे मानणारा अभ्यासक चोरापेक्षा फार वेगळा नाही. पत्रे आत्याकडे आहेत. ती जाळायची की ठेवायची हे तीच ठरवील.

१८/ सर्वांत अवघड वस्तू एक वही होती. सालगड्यांचा हिशेब. गुढीपाडव्याला साल ठरायचे. किती पैसे, किती ज्वारी, वर्षभरात कोणी किती उचल घेतली, कोणाच्या घरी आजारपण होते. शेतमजुरांच्या इतिहासाला हिच्याइतके जवळचे साधन विरळाच. पण ती लिहिणारा हात मालकाचा आहे आणि नावे दुसऱ्यांची. त्यांची नातवंडे आजही त्याच गावात राहतात. कोणाच्या आजोबांची उसनवारी जाहीर करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

१९/ बाबांचे मत वही नष्ट करावी. माझे मत ठेवावी. दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरले ते असे : मूळ वही राहील, ज्या कुटुंबांची नावे तीत आहेत त्यांना सांगायचे, हवी असल्यास त्यांच्या नोंदींची प्रत द्यायची आणि त्यांच्या संमतीवाचून काहीही प्रसिद्ध करायचे नाही. एका कुटुंबाने प्रत नेली. आजोबांचे नाव लिहिलेला दुसरा कोणताही कागद त्यांच्यापाशी नव्हता. दुसऱ्या कुटुंबाने नको म्हटले, तेही योग्यच. म्हणून त्या वहीचे छायाचित्र या धाग्यात नाही.

२०/ सामान्यांच्या कागदांना जागा देता येते, हे जगात सिद्ध झाले आहे. इटलीतील पिएव्हे सान्तो स्तेफानो या छोट्या गावात १९८४ पासून सामान्य माणसांच्या रोजनिशा, आठवणी आणि पत्रांचे संग्रहालय आहे. क्लेलिया मार्की या शेतकरी स्त्रीने पतीच्या मृत्यूनंतर आपले आयुष्य अंथरुणाच्या चादरीवर लिहून काढले. ती चादर तिथे आहे. मुंबईत १९८८ पासून स्पॅरो ही संस्था स्त्रियांची कागदपत्रे, छायाचित्रे आणि मुलाखती जमवते. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाने किंवा सार्वजनिक ग्रंथालयाने एक कपाट जरी यासाठी राखले, तरी काम सुरू होईल. हीच माझी मुख्य मागणी आहे.

२१/ तोवर आपल्या हाती असलेला क्रम :
• काहीही हलवण्यापूर्वी खोलीची, पेटीची, गठ्ठ्याची छायाचित्रे घ्या.
• गठ्ठे फोडू नका. कोणता कागद कोणाशेजारी होता, ही सुद्धा माहितीच असते. फ्रान्सच्या अभिलेखागारांनी एका मूळ संग्रहाचे कागद एकत्र ठेवण्याचे तत्त्व १८४१ मध्येच स्वीकारले.
• घरातील सर्वांत वृद्ध माणसाला शेजारी बसवून विचारा आणि ध्वनिमुद्रण करा. छायाचित्रांमागे नावे पेन्सिलने लिहा.
• लॅमिनेशन आणि सेलोटेप टाळा. दोन्हींनी कागद बिघडतो.
• जमीन, जन्म, शाळा, जात यांचे कागद वेगळे काढून सर्व भावंडांना प्रती द्या.
• संस्थेला देताना यादी करून लेखी पोच घ्या. संग्रह एकत्र राहील का, कोण पाहू शकेल, काय किती वर्षे बंद ठेवायचे, हे आधी ठरवा.
• रद्दीवाल्याला सर्वांत शेवटी बोलवा.

२२/ शेवटचा मुद्दा. आपण इतिहासप्रेमी मंडळी गडावर जातो, शिलालेख वाचतो, मोडीचे वर्ग लावतो, ते उत्तमच. पण राजवाडे गावोगावी फिरून ज्या माळ्यांपर्यंत पोचायला झटले, ते माळे आज आपल्याच घरी आहेत आणि पुढच्या काही वर्षांत ते रिकामे होणार आहेत. या दिवाळीत घरी गेलात की एक पेटी उघडा, आईवडिलांसमोर. ते असताना विचारलेला एक प्रश्न नंतरच्या दहा तर्कांहून मोलाचा असतो.

तुमच्या घरी काटापट्ट्या, सालाच्या वह्या किंवा नावे घातलेली भांडी असतील तर खाली लिहा. व्यक्तींची नावे मात्र लिहू नका. 🙏