सुई आठवड्याची, भूक रोजची

द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे आईच्या औषधाच्या खोक्यातला कागद वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाते आणि दिवसातून दोनदा इन्शुलिनची सुई घेते. फ्रीज नाही, बाटली ओल्या वाळूवरच्या मडक्यात राहते.

मी शास्त्र शाखेचा नव्हे. पण इतके समजले, की इन्शुलिन हे प्रथिन आहे. गिळले तर डाळीसारखे पचून जाते, म्हणून सुई टोचावी लागते. १९२२ साली टोरांटोत ते प्रथम एका मुलाला दिले, तेव्हा त्याचा असर काही तासच टिके. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी त्यात माशापासून काढलेले प्रोटामीन मिसळले आणि ते कातडीखाली सावकाश विरघळू लागले. २०२४ साली युरोपात मान्यता मिळालेले आयकोडेक तर आठवड्यातून एकदाच घ्यायचे. ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहते व थोडेथोडे सुटते. रोज एक सुई घेणाऱ्याच्या वर्षाच्या ३६५ सुया ५२ वर येतात!

या प्रगतीचा मला आनंदच आहे. पण एक शंका मनातून जात नाही. कामाची पात लांबली की आईची भाकरी दोन तास उशिरा होते. मग घाम सुटतो, हात कापतात. पदरचा गुळाचा खडा तोंडात टाकून ती बांधावर बसते. रोजच्या सुईची मात्रा डॉक्टरांना विचारून उद्या कमी करता येते. आठवड्याची सुई मात्र एकदा टोचली की अंगातच राहणार. पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवरील चाचणीत आयकोडेकने साखर फार उतरण्याचे प्रसंग रोजच्या इन्शुलिनपेक्षा जास्त आढळलेही आहेत.

म्हणून मला वाटते, औषध किती दिवस टिकते एवढेच पाहून भागणार नाही. ते घेणाऱ्याचा दिवस कसा जातो हेही पाहिले पाहिजे. आणि किंमत? १९२३ साली बँटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्शुलिनचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. ते औदार्य नव्या औषधांच्या वाट्याला का येऊ नये?

आईची साखर किती, हे दर तपासणीत पाहतात. ‘बाई, तुम्ही जेवता किती वाजता?’ असे आजवर कोणी विचारलेले नाही. आधी तेवढे विचारा. मग सुई रोजची की आठवड्याची, ते ठरवा.