एकांतातला वाद्यवृंद

कलावंत एकटा बसून काम करू लागला की आता त्याचा 'खरा' आवाज ऐकू येणार, अशी आपली एक जुनी समजूत आहे. कवीची वही, लेखकाची दैनंदिनी, चित्रकाराची बंद खोली यांच्याकडे आपण ज्या अपेक्षेने पाहतो, तीच अपेक्षा रॉक संगीताचा श्रोताही बाळगून असतो. बँड दूर झाला, निर्माता दूर झाला, की उरेल तो निखळ माणूस! ही समजूत मला मान्य नाही. ती का मान्य नाही हे सांगायला पॉल मॅकार्टनीच्या 'मॅकार्टनी थ्री' या अल्बमइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

१८ डिसेंबर २०२० रोजी हा अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा मॅकार्टनी ७८ वर्षांचा होता. त्या वर्षीच्या टाळेबंदीत तो इंग्लंडमधल्या ससेक्स भागात कुटुंबासह राहत होता आणि तिथल्या एका जुन्या पवनचक्कीच्या आवारात असलेल्या आपल्या स्टुडिओत कामाला जात होता. एका छोट्या चित्रपटासाठी थोडे संगीत करायचे, एवढेच आरंभी मनात होते. ते झाल्यावर अर्धवट राहिलेल्या चिजा बाहेर निघाल्या आणि त्यांतून अल्बम उभा राहिला. गिटार, बेस, ड्रम, पियानो, हार्प्सिकॉर्ड, मेलोट्रॉन, शिवाय मुख्य गायन आणि त्यामागचे कोरस, असे जवळजवळ सगळे त्याचेच. 'जवळजवळ' म्हणायचे कारण 'स्लायडिन' या गाण्यात त्याच्या नेहमीच्या बँडमधले रस्टी अँडरसन आणि एब लॅबोरियल ज्युनियर हे दोघे आहेत. ध्वनिमुद्रणाला मदतनीसही होतेच. शेवटच्या गाण्याचा अपवाद अधिक मोठा आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

हे काम कोणत्या क्रमाने झाले ते पाहण्यासारखे आहे. बँडच्या ध्वनिमुद्रणात सहसा ड्रम आणि बेस यांचा पाया आधी घातला जातो; गाणे त्यावर चढते. मॅकार्टनीने उलट केले. गाणे ज्या वाद्यावर सुचले ते वाद्य आधी मुद्रित करायचे, म्हणजे बहुधा गिटार किंवा पियानो, आणि मग एकेक थर वर चढवत जायचे. याचा अर्थ असा, की ड्रम वाजवणारा मॅकार्टनी आधीच वाजून गेलेल्या मॅकार्टनीची साथ करतो आहे. आपल्याकडे तबलजी गायकाकडे पाहून साथ करतो, गायकही त्याच्याकडे पाहतो. इथे पाहणे एकाच दिशेचे आहे. आधीचा वादक नंतरच्या वादकाला उत्तर देऊ शकत नाही. तरीही 'फाइंड माय वे'सारखे गाणे ऐकताना चार माणसे एका खोलीत वाजवत असल्याचा भास होतो. तो कसा निर्माण होतो? माझे उत्तर असे, की हा मनुष्य प्रत्येक वाद्यापाशी बसताना वेगळा माणूस होतो. ड्रमवर तो रिंगोसारख्या कुणाचे तरी ऐकलेले आठवून वाजवतो: साधे, वजनदार, गाण्याच्या आड न येणारे. बेसवर मात्र तो स्वतःच असतो, म्हणजे चंचल. ड्रमवर बसणे त्याला नवे नव्हते. १९६८ साली रिंगो काही दिवस बीटल्स सोडून गेला असताना 'बॅक इन द यू.एस.एस.आर.'चे ड्रम मॅकार्टनीनेच वाजवले, आणि १९७३च्या 'बँड ऑन द रन'च्या वेळी लागोसला निघण्यापूर्वी ड्रमवादक सोडून गेला तेव्हाही त्यानेच. कुणीतरी निघून गेल्यावर त्याची जागा भरून काढणे, हा त्याच्या एकट्याने वाजवण्याचा उगम आहे.

टाळेबंदीच्या काळात ज्या शिक्षकांनी संगणकाच्या पडद्यासमोर बसून तास घेतले त्यांना हे वेगळे सांगायला नको. समोर नावांच्या काळ्या चौकटी. प्रश्न आपणच विचारायचा, मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी काय म्हणाला असता ते आठवायचे आणि त्याचे उत्तरही आपणच द्यायचे. त्या तासांत मी 'स्वतः'च्या अधिक जवळ गेलो असे मला कधी वाटले नाही. उलट वर्गातली सगळी माणसे मला एकट्याला व्हावे लागत होते.

एकटेपणा म्हणजे आत्मकथन, या समीकरणाला छेद देणारा पुरावा पन्नास वर्षे आधीच उपलब्ध होता. १७ एप्रिल १९७० रोजी, बीटल्स फुटल्याची बातमी जगभर झाल्यानंतर आठवडाभरात, 'मॅकार्टनी' हा पहिला अल्बम आला. त्याचा बराचसा भाग लंडनच्या घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर, मिक्सिंग डेस्कशिवाय, मायक्रोफोन थेट यंत्राला जोडून केलेला. आयुष्य उद्ध्वस्त होत असताना घरात एकट्याने केलेली ही निर्मिती; तिच्यात आक्रोश असेल असे कुणालाही वाटावे. प्रत्यक्षात तिच्यात बायकोच्या नावाचा एक छोटा तुकडा आहे, शब्दांवाचूनच्या अनेक चिजा आहेत, आणि एकाकीपणाविषयीचे जे गाणे आहे, 'मॅन वी वॉज लोन्ली', त्याच्या नावातच 'आम्ही' आहे. ते गायला लिंडाही सोबत आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन लेननचा 'प्लॅस्टिक ओनो बँड' आला. रॉक संगीतातला सर्वांत उघडावाघडा कबुलीजबाब म्हणून त्याचे नाव घेतले जाते, आणि तो मुद्रित होताना ड्रमवर रिंगो होता, बेसवर क्लाउस फोरमान होता, निर्मितीत योको ओनो आणि फिल स्पेक्टर होते. म्हणजे मन मोकळे करायला माणसे लागली आणि एकट्याच्या वाट्याला आला तो खेळ. १९८०च्या 'मॅकार्टनी टू'मध्ये तर हा खेळ सिंथेसायझरवरच्या प्रयोगांपर्यंत गेला. त्याची तेव्हा पुष्कळ टिंगल झाली आणि पुढच्या पिढीने तोच डोक्यावर घेतला.

मराठीत 'एकांत' आणि 'एकाकी' हे शब्द आपण वेगळे ठेवले आहेत हे बरे आहे. एकांत माणूस मागून घेतो. मॅकार्टनीचे तिन्ही अल्बम एकांताचे आहेत. एकाकीपण त्यांत येतेच, पण ते जाहीर होत नाही. ते आवाजातून झिरपते. तिसऱ्या अल्बममधल्या 'द किस ऑफ व्हीनस'मध्ये तो गिटारच्या हलक्या साथीवर वरच्या पट्टीत गातो आणि आवाज विरलेल्या कापडासारखा लागतो. तो झाकता आला असता. तंत्र हाताशी होते. 'विमेन अँड वाइव्ज'मध्ये उलट तो खालच्या, काळोख्या स्वरांत उतरतो आणि जो कॉन्ट्राबेस वाजवतो तो एकेकाळी एल्व्हिस प्रेस्लीच्या साथीदाराचा, बिल ब्लॅकचा. लिंडाने त्याला भेट दिलेला. म्हाताऱ्या आवाजाची सवय ख्याल ऐकणाऱ्या कानाला आहे. थकलेला गवई एखादी जागा कशी टाळतो, कुठून वळसा घेतो, यातच आपण रमतो. रॉक संगीताला ही सवय नाही. ते तारुण्यावर उभे राहिलेले संगीत. म्हणून हा आवाज न लपवण्याला मी महत्त्व देतो.

एकांताची किंमतही या अल्बममध्ये मोजलेली दिसते. 'लॅव्हेटरी लिल' हे टोमणेवजा गाणे बँडमध्ये कुणीतरी एक भुवई उंचावली असती तर तिथेच संपले असते. ससेक्समध्ये भुवई उंचावणारे कुणी नव्हते. पण त्याच न्यायाने 'डीप डीप फीलिंग' आठ मिनिटांच्या वर चालते. एकच भावना, प्रेमाने येणारी ओढ आणि त्याच प्रेमाचे दडपण, पुन्हा पुन्हा घोळवली जाते. थरावर थर येतात, लय विस्कटते, संपले असे वाटताना गाणे पुन्हा उठते. हे कापा असे सांगणाराही कुणी नव्हता, आणि माझ्या मते हा अल्बमचा गाभा आहे. नकार देणारा सोबती नसणे हे एकाच दुपारी नुकसान आणि लाभ दोन्ही ठरू शकते, हे संपादकाविना लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही. (घरी बसून केलेली ही वस्तू बाजारात रंगीबेरंगी तबकड्यांच्या किती आवृत्त्यांत आली हा विषय मी सोडून देतो.) एप्रिल २०२१मध्ये हीच गाणी त्याने बेक, सेंट व्हिन्सेंट, फीबी ब्रिजर्स, डेमन अल्बार्न अशा तरुण-मध्यमवयीन मंडळींच्या हाती सोपवली आणि 'मॅकार्टनी थ्री इमॅजिन्ड' निघाला. एकट्याने केलेले काम चार महिनेही एकट्याचे राहिले नाही.

आता तो अपवाद. अल्बम सुरू होतो 'लाँग टेल्ड विंटर बर्ड'च्या गिटारने. शेवटी तीच गिटार थोडा वेळ परत येते आणि तिच्या पाठोपाठ 'व्हेन विंटर कम्स' सुरू होते. शेतावरची बारीकसारीक कामे, कुंपण, झाडे, हिवाळ्याआधीची तयारी, एवढाच विषय. सुमारे पाऊण तास अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आवाज ऐकलेल्या कानाला इथे धक्का बसतो, कारण आवाज एकदम भरलेला, सहज आणि तरुण होतो. हे मुद्रण १९९२चे आहे. मॅकार्टनी तेव्हा पन्नाशीचा होता, लिंडा हयात होती, आणि निर्मितीला जॉर्ज मार्टिन होता, म्हणजे १९६२ पासून बीटल्सला घडवणारा तोच. लिंडा १९९८ साली गेली, मार्टिन २०१६ साली. संपूर्ण अल्बममध्ये सर्वांत एकटे वाटणारे गाणे हेच: एक गिटार, एक आवाज, नंतर चढवलेले थर नाहीत. काचेपलीकडे बसलेला मार्टिन त्यात ऐकू येत नाही.